अकरा हक्क आणि एक नो एन्ट्री

आमच्या सोसायटीत मला कायद्यातलं कळतं असा एक समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. बँकेच्या वसुली विभागात कर्जबुडव्यांना नोटिसा धाडण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे 'सबब', 'उपरोक्त' आणि 'अन्यथा' हे तीन शब्द मला बरोबर जागी टाकता येतात. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीला कायदा म्हणून तेवढा पुरतो.

जानेवारीत आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने रस्ता सुरक्षेवर एक कार्यक्रम घ्यायचं ठरवलं. त्यात वाटायला एक पत्रक हवं होतं. आदल्याच आठवड्यात आमच्या अध्यक्षांना सिग्नल तोडल्याबद्दल दंड झाला होता, त्यामुळे पत्रकाचा विषय रस्ता सुरक्षेवरून सरकत सरकत 'वाहतूक पोलिसांनी अडवल्यास नागरिकांचे ११ हक्क' इथवर येऊन थांबला. मजकुराची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. मी ती एका संध्याकाळी उरकली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले तीन फॉरवर्ड समोर ठेवले. त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध होते, म्हणून दोन्ही घेतले. मूळ कायदा एकदा वाचावा असं मनात आलं होतं, पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला दोनशेच्या वर कलमं आहेत आणि तेवढ्यात चहा आला.

शेवटी तळाला ठळक अक्षरांत मी स्वतःची एक ओळ घातली: 'जागरूक नागरिक हाच लोकशाहीचा खरा रखवालदार.' ही ओळ पुढे माझ्याच अंगावर आली, ते ओघाने येईलच.

छापखाना पेठेत. पाचशेच्या आत ते छापत नाहीत. ठरलेल्या दिवशी मी बायकोची स्कूटर घेऊन गेलो आणि पाचशे पत्रकांचा गठ्ठा पायाशी ठेवून परत निघालो. पेठेतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर सरळ मार्गाने दोन सिग्नल आणि एक वळसा पडतो. मधल्या गल्लीतून शिरलं तर दीड मिनिटात बाहेर. फक्त त्या गल्लीला त्या बाजूने प्रवेश बंद आहे. हे मला माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं. पण पायाशी अकरा हक्क असलेला माणूस एका पाटीला घाबरत नाही.

आता, आपल्याकडे वाहतूक पोलीस अशा गल्लीच्या तोंडाशी उभे राहत नाहीत, शेपटाशी राहतात. तोंडाशी उभे राहिले तर आत कोण शिरेल, आणि मग पकडायचं कोणाला? हा माझा जुना सिद्धांत. शेपटाशी पोहोचलो तर सिद्धांत सिद्ध करायला दोघं उभे होते. एक हवालदार बाई आणि त्यांच्यापेक्षा तरुण एक शिपाई. शिपायाने एका कॉलेजच्या मुलाला अडवलं होतं. बाईंनी मला हात केला.

वाहतूक पोलिसाने हात केल्यावर थांबावं लागतं, हे कायद्यातच आहे, कलम ११९. मला ते कलम ठाऊक नव्हतं, पण ऊर्मी ठाऊक होती. मी स्कूटर वळवायला घेतली. मागे केळ्यांची हातगाडी होती. केळीवाला म्हणाला, "काका, आता कुठं जाता, त्या बोलावतायत की."

"गाडी बाजूला घ्या. लायसन्स दाखवा, काका."

'काका' हा शब्द मला लागला. मी एकसष्टचा आहे, पण ते कागदोपत्री. गाडी बाजूला घेता घेता मी पत्रकातला चौथा हक्क बजावला: 'संपूर्ण प्रसंगाचे मोबाइलवर चित्रीकरण करावे.' रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, मोबाइल शर्टाच्या खिशात असा ठेवला की कॅमेरा बाहेर डोकावेल, आणि मनातल्या मनात म्हणालो, आता बोला.

मग मी पहिला हक्क काढला. "मॅडम, तुम्ही हवालदार आहात. लायसन्स मागायचा अधिकार फौजदारापासून वर असतो."

"गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं तरी दाखवावं लागतं. कलम १३०. कुठे वाचलंत तुम्ही?"

कुठे वाचलं ते सांगण्यासारखं नव्हतं, मीच लिहिलं होतं. मी दुसऱ्या हक्कावर गेलो. लायसन्स घरी होतं. "डिजिलॉकरमध्ये आहे," मी रुबाबात म्हणालो. हे मात्र खरं होतं. २०१८ पासून नियमच तसा आहे, कागद मोबाइलवर दाखवला तरी चालतो. बाईही म्हणाल्या, "चालेल, दाखवा."

मोबाइल खिशातून काढावा तर रेकॉर्डिंग बंद पडेल या भीतीने मी तो अर्धवट वर ओढून, मान वाकडी करून डिजिलॉकर उघडलं. त्याने सहा आकडी पिन मागितला. पिन म्हणून मी आधी बायकोची जन्मतारीख टाकली, मग लग्नाची. दोन्ही चुकल्या. बायकोची बहुधा मला चुकीची आठवत असावी आणि लग्नाची ठेवताना चुकीची आठवली असावी. पिन विसरला म्हटल्यावर त्याने आधारच्या नंबरावर ओटीपी पाठवला. आधारला नंबर मुलाचा आहे. मुलगा बंगळूरला, मीटिंगमध्ये. त्याने तीन मिनिटांनी ओटीपी पाठवला आणि सोबत विचारलं, 'बाबा, तुम्हाला कोणी फसवतंय का?'

लायसन्स एकदाचं पडद्यावर आलं. बाईंनी नाव पाहिलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "बरंय," म्हणाल्या. "नो एन्ट्रीत आलात. चलान करते."

इथे मी माझा हुकमाचा पत्ता काढला. "पाटी दिसते कुठे, मॅडम? त्या खांबावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. आख्खी पाटी झाकलीय. नागरिकाला कळणार कसं?"

फ्लेक्स खरोखरच होता आणि पाटी खरोखरच झाकली होती. बाईंनीही ते नाकारलं नाही. "कालच कळवलंय वॉर्डात, उतरवायला. पण काका, तुमच्या पुढच्या चार गाड्या सरळ गेल्या. पाटी त्यांनाही दिसली नसणार."

"आणि तुम्ही तोंडाशी का नाही उभ्या राहत?" मी सिद्धांत मांडला.

"सकाळी तोंडाशीच असते. तेव्हा लोक मला टाळून फुटपाथवरून आत जातात. परवा एका आजींच्या पायावरून चाक गेलं." त्या तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या, हवामान सांगावं तसं सांगत होत्या. सिद्धांताला माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

मग मी ते केलं, जे पत्रकात कुठेही नव्हतं. ओळख काढली. माझ्या मेव्हण्याचे साडू खात्यात आहेत असं मी गेली दहा वर्षं ऐकत आलो होतो. मेव्हण्याला फोन लावला, त्याने साडूंना जोडून दिलं. मी सगळी हकिगत सांगितली. पलीकडे जरा शांतता. मग साडू म्हणाले, "अहो, मी वन खात्यात आहे. तुम्हाला बिबट्याने अडवलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

या गडबडीत माझा पाय लागून गठ्ठ्याची दोरी सुटली आणि पाचसहा पत्रकं रस्त्यावर पसरली. बाईंनी वाकून एक उचललं. शीर्षक वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग चलानचं मशीन काखेत धरलं, खिशातलं निळं बॉलपेन काढलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. माझ्या लिखाणाचा इतका मन लावून वाचणारा वाचक मला आजवर भेटला नव्हता.

"एक नंबर चुकीचा. ते तर झालंच. कागद मागायला गणवेश पुरतो. दंड घेऊन प्रकरण मिटवायचा अधिकार कोणाला, ते सरकार अधिसूचना काढून ठरवतं, कलम २००. या दोन गोष्टी तुम्ही एकात कालवल्यात." पेनाने काट. "दोन, कागद जवळ नसले तरी पंधरा दिवसांत दाखवायची मुभा, ती आहे. पण म्हणून 'कागद जवळ बाळगण्याची गरज नाही' हे कोणी सांगितलं?" काट. "तीन, लायसन्स जप्त केलं तर पावती मागावी. बरोबर. मागायलाच पाहिजे." टिक. माझ्या अंगावर रोमांच आले. "चार, चित्रीकरण. काढा की. आमच्याकडेही बॉडी कॅमेरे येतायत. फक्त तोंडात मोबाइल खुपसू नका. पाच आणि आठ एकमेकांच्या विरुद्ध आहेत."

"ते दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलेत," मी म्हणालो.

"सहा. पोलिसाला गाडीची चावी काढता येत नाही." त्या थांबल्या. "हे बरोबर आहे. काढता येते असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही."

आणि नेमक्या त्याच वेळी, आमच्यापासून चार पावलांवर, त्या तरुण शिपायाने कॉलेजच्या मुलाच्या गाडीची चावी हिसकून काढली.

हा क्षण मी बराच काळ विसरणार नाही. सहावा हक्क बाईंच्या हातात, निळ्या शाईने टिक झालेला. त्याचा भंग माझ्या डोळ्यांसमोर. पायाशी त्याच्या पाचशे प्रती. आणि लोकशाहीचा खरा रखवालदार काय करत होता? बाईंनी मान तिकडे वळवली ही संधी साधून तो पाकिटातून पाचशेची नोट काढत होता.

मुलाचं मात्र बघण्यासारखं होतं. तो आरडाओरडा करेल असं मला वाटलं. त्याने गाडी स्टँडला लावली, खाली उतरला, लायसन्स पुढे धरलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाला, "सर, मी थांबलोय. हे लायसन्स. माझं जे चुकलं त्याचं चलान करा. फक्त चावी परत द्या. आणि जॅकेटमुळे तुमच्या नावाची पट्टी दिसत नाहीये, नाव सांगता का?"

एवढंच. आवाज चढला नाही, कोणाची ओळख नाही, 'मी कोण आहे माहीत आहे का' नाही. शिपायाने एकदा बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "दे त्याची चावी. नाव पण सांग." शिपायाने चावी दिली, पुटपुटत नाव सांगितलं. मुलाने ते मोबाइलवर टिपलं, 'थँक्यू सर' म्हणाला, मागे बसलेल्या मित्राच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं त्याचं चलान घेतलं आणि मित्राला चालत यायला सांगून निघून गेला. चुकला तोही होता. तरी त्याने स्वतःच्या चुकीचं चलान एका हाताने घेतलं आणि समोरच्याच्या चुकीचा जाब दुसऱ्या हाताने मागितला. मला एकसष्ट वर्षांत हे दोन हात एकदम वापरता आले नव्हते. आपलं चुकलंय म्हटलं की मी गप्प, आणि समोरच्याचं चुकलंय म्हटलं की माझं काही चुकलेलंच नाही.

बाई परत माझ्याकडे वळल्या. पाचशेची नोट तोवर मी घडी करून एका पत्रकात ठेवली होती आणि ते पत्रक त्यांच्यापुढे धरलं होतं. "मॅडम, कशाला ते मशीन वगैरे. इथल्या इथे मिटवून टाकू. तुमचाही वेळ वाचेल."

त्यांनी पत्रक उघडलं. नोट नेमकी नवव्या हक्कावर होती: 'लाच मागितल्यास १०६४ या क्रमांकावर तक्रार करावी.'

"मी मागितली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही."

"मग तुम्ही स्वतःहून देताय. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार असतो, काका. द्यायला भाग पाडलं आणि सात दिवसांत कळवलं, तरच सुटका. तुम्हाला कोणी भाग पाडलं?"

मी केळीवाल्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"पाकिटात ठेवा," बाई म्हणाल्या. मी ठेवली. घडी मोडायलाही हात थरथरत होता.

मशीनमधून चलान निघालं, पाचशे रुपयांचंच. नियमाने फोटोही काढला. मग त्यांची नजर माझ्या हनुवटीखाली गेली. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लोंबत होता. "पट्टा लावला नाही तर कायद्याने ते हेल्मेटच नाही," त्या म्हणाल्या. "लावा आधी. याचं चलान करत नाही, आज एकच पुरे." ही सवलत कुठल्या कलमात बसते, हे विचारायची इच्छा त्या क्षणी मला अजिबात झाली नाही. पोलिसांनी नियमाबाहेर जाऊ नये, हे माझं मत त्या पाच सेकंदांपुरतं स्थगित होतं.

निघताना त्यांनी निळ्या काटांनी भरलेलं पत्रक मला परत दिलं. "एक राहिलंय तुमच्यात. कलम २१० ब. हा कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला, तर त्याला दंड दुप्पट. २०१९ पासून आहे. घाला ते. आणि आमच्याकडेही दहावीस प्रती द्या, आमच्या पोरांना वाचायला."

मी घरी पोहोचलो. वाटेत एक बरी गोष्ट तयार केली होती, छापखान्यात उशीर झाल्याची. दार उघडताच बायको म्हणाली, "चलान किती वाजता झालं?" गाडी तिच्या नावावर. मेसेज तिच्या मोबाइलवर माझ्या आधी पोहोचला होता. फोटोसकट. फोटोत मी हेल्मेट घालून, पट्टा लोंबकळत, एका हातात 'नागरिकांचे ११ हक्क' घेऊन उभा होतो. शीर्षक स्पष्ट वाचता येत होतं.

"पण पोलिसांचं वागणं मी रेकॉर्ड केलंय," मी शेवटचा प्रयत्न केला आणि व्हिडिओ लावला. कॅमेरा उलटा फिरला होता, समोरच्याऐवजी माझ्या बाजूचा चालू झाला होता. अठरा मिनिटं माझी हनुवटी, तिच्यावर लोंबणारा पट्टा आणि वर आकाशाचा एक तुकडा. आवाज मात्र लख्ख. 'फौजदारापासून वर असतो.' 'बिबट्याने अडवलं असतं तर.' आणि मग, दोनदा ऐकवावं इतक्या स्वच्छ उच्चारात, 'इथल्या इथे मिटवून टाकू.' बायकोने ते खरोखर दोनदा ऐकलं. पोलिसांविरुद्ध पुरावा म्हणून जे जमवलं, त्यात गुन्हा एकच होता आणि आवाज माझा होता.

त्या रात्री मी कायदा उघडला. चहा आला, तो बाजूला ठेवला. तेव्हा कळलं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला वेगळी प्राधिकरणं असावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. पण मला चकित केलं ते निराळ्याच गोष्टीने. ज्या खटल्यातून हे सगळं निघालं तो लढणारे प्रकाश सिंह स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. पोलिसांना जाब विचारायचा मजकूर पोलिसानेच दुरुस्त करून द्यावा, हे त्या गल्लीत पहिल्यांदा घडलं नव्हतं तर.

प्राधिकरण गंभीर प्रकरणांसाठी. चावी आणि फ्लेक्ससाठी वरिष्ठांना साधं पत्र पुरतं. ते मी लिहिलं. पहिल्या मसुद्यात मी केवळ तिथून जाणारा एक नागरिक होतो. बायकोने वाचून तो परत केला. दुसऱ्या मसुद्यात लिहिलं: 'उपरोक्त वेळी मी स्वतः प्रवेश बंद असलेल्या गल्लीत शिरलो होतो व त्याचा दंड भरला आहे.' बावीस वर्षांत पहिल्यांदा 'उपरोक्त' माझ्याच विरुद्ध वापरला. आश्चर्य म्हणजे त्याने पत्राचं वजन कमी झालं नाही. पंधरवड्याने उत्तर आलं, 'संबंधितांस योग्य त्या सूचना देण्यात आल्या आहेत.' फ्लेक्सही उतरला. आता तिथे दुसऱ्या भाऊंचा आहे, पण हातभर खाली लावलाय. पाटी दिसते.

पत्रक नव्याने छापलं. हक्क आठच उरले, २१० ब धरून. वर एक सूचना आहे: थांबा, इंजिन बंद करा, कागद दाखवा, नाव विचारा, चलान घ्या, भांडायचं ते नंतर लेखी भांडा. मूळ छपाईतल्या चारशे नव्वद प्रती घरीच आहेत. पाठ कोरी असल्याने वाण्याच्या याद्या त्यावर जातात. परवा वाण्याने यादी उलटून पाहिली आणि विचारलं, "हवालदाराला खरंच अधिकार नसतो का हो?"

मजकूर द्यायला गेलो तेव्हा छापखान्याचे मालक निळ्या काटांनी भरलेलं ते पत्रक बराच वेळ पाहत होते.

"मागच्या वेळी मुद्रितशोधन तुम्हीच केलं होतं ना? या वेळी कोणी केलं?"

"खात्यातल्या एक बाई आहेत," मी म्हणालो.

"कुठल्या खात्यातल्या?"

या वेळी मी आधी विचारून ठेवलं होतं.